वेल्डिंग मशीन सगळ्यात शेवटी घ्या: घरच्या वर्कशॉपची मांडणी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले काही शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत.)

आजचा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर ऐका, पण नंतर ही लिखित प्रत नक्की उघडा. आकडे बरेच आहेत, आणि शेवटी एक यादी आहे ती स्क्रीनशॉट काढून ठेवण्यासारखी आहे.

गेल्या काही महिन्यांत मेसेजमध्ये एकच प्रश्न वारंवार येतोय. "दादा, घरीच वेल्डिंग सुरू करायचंय, कुठलं मशीन घेऊ?" कुणाला गच्चीवर कुंड्यांचा स्टँड करायचाय, कुणाला बाइकचं कॅरिअर, कुणाला शेतातलं फाटक. काहींना हात बसला की पुढे फॅब्रिकेशनचा धंदाच टाकायचाय. सगळ्यांना मशीनचं नाव हवंय, शक्यतो लिंकसकट.

माझं उत्तर ऐकून जरा हिरमोड होईल. मशीन सगळ्यात शेवटी घ्या. कारण मशीन आज ऑर्डर केलं की दोन दिवसांत घरी येतं, आणि आलं की कुणालाच धीर निघत नाही. मग ते स्वयंपाकघराच्या सॉकेटला लागतं, काळा गॉगल चढतो, पायात स्लिपर, आणि पहिला टाका पडतो. त्या पहिल्या टाक्याच्या आधी जे व्हायला हवं होतं, ते मग कधीच होत नाही.

मी कोल्हापूरचा. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझी दहा बाय बारा फुटांची जागा आहे. तेवढ्या जागेत नीट, सुरक्षित काम होतं. पण त्याला एक क्रम आहे. आज तो क्रमच सांगतो.

पहिलं काम: जागा

चार गोष्टी बघा. हवा खेळती हवी, जमीन कोरडी हवी, जळणारं काही जवळ नको, आणि बाहेरच्या माणसाला थेट ठिणगी दिसायला नको.

फ्लॅटची बाल्कनी या कामासाठी नाही, हे आधीच सांगतो. खाली कुणाचे वाळत घातलेले कपडे असतात, शेजारच्या खिडकीत लहान मूल उभं असतं. अंगण, शेड, मोकळी गच्ची किंवा दोन बाजूंनी उघडी पडवी चालेल.

जमीन कोब्याची असली तर उत्तम, पण तुकडा जमिनीवर ठेवून वेल्डिंग करू नका. काँक्रीटच्या पोटात ओल असते. एका जागी खूप उष्णता गेली की त्या ओलीची वाफ होते आणि वरचा थर टवका उडून अंगावर येऊ शकतो. टाइल तर सरळ तडकते. म्हणून पहिल्या दिवसापासून लोखंडी टेबल हवं. मध्यम आकाराचं, वर पाच-सहा मिमी जाडीची प्लेट, उंची तुमच्या कमरेइतकी. भंगारवाल्याकडे अशी प्लेट वजनावर मिळते. पाय मात्र ओळखीच्या वेल्डरकडून लावून घ्या. या निमित्ताने त्यांच्या दुकानात तासभर उभं राहून काम बघता येतं, हा फायदा वेगळाच.

दुसरं काम: वीज

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलेलं असतं. लोक घाबरतात, की घरातून २०० अँपिअर ओढणार का? नाही. ते २०० अँपिअर मशीनच्या बाहेरच्या बाजूचे, रॉडमधून जाणारे. तिथे करंट प्रचंड पण व्होल्टेज अगदी कमी असतं. १०० अँपिअरवर काम करताना आर्कचं व्होल्टेज साधारण २४ असतं. १०० गुणिले २४, म्हणजे २४०० वॅट. दोन हजार वॅटच्या गीझरपेक्षा थोडं जास्त.

पण गीझर आणि वेल्डिंग मशीन यात फरक आहे. मशीनमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि साधं इन्व्हर्टर मशीन वीज सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतं. त्यामुळे २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर प्रत्यक्षात साधारण १८ ते १९ अँपिअर लागतात. अडीच मिमीचा रॉड ८० अँपिअरवर चालवला तर १४-१५ अँपिअर.

याचा अर्थ काय? अडीच मिमीच्या रॉडपर्यंत चांगल्या स्थितीतलं १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट चालून जातं, तेही मागची वायर अडीच चौरस मिमीची तांब्याची असेल तर. टीव्ही किंवा मोबाइल चार्जरचं ६ अँपिअरचं सॉकेट या कामाचं नाही. आणि सव्वातीन मिमीचा रॉड चालवायचा असेल, तर मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढा. साधारण चार चौरस मिमीची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, आणि निळं गोल इंडस्ट्रियल सॉकेट. अंतर जास्त असेल तर वायर सहा चौरस मिमीची. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्यांना "एक पॉइंट काढून द्या" एवढंच सांगू नका. "वेल्डिंग मशीनसाठी लाइन हवी आहे, अर्थिंग तपासून द्या," असं स्पष्ट सांगा.

लाइट बिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो एक-दोन किलोवॅट असेल तर तो वाढवण्यासाठी आधी अर्ज करा. आणि पुढे पैसे घेऊन काम करणार असाल, तर घरगुती कनेक्शनवर धंदा करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो. आकारणी दुप्पट दराने होते. धंदा सुरू करायच्या आधी कनेक्शनचा प्रकार बदलून घ्या, नंतर नाही.

गावाकडच्या श्रोत्यांसाठी एक खास मुद्दा. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. बल्ब मंद होतो, पण इन्व्हर्टर मशीन तेवढीच ताकद देण्यासाठी उलट जास्त करंट ओढतं. २३० वर १५ अँपिअर ओढणारं मशीन १८० वर १८-१९ ओढेल. वायर गरम होते ती अशा वेळी. म्हणून काम सकाळी करा.

एक्स्टेंशन बोर्ड वापरावाच लागला तर वायर अडीच चौरस मिमीची आणि पूर्ण उलगडलेली असू द्या. रीळवर गुंडाळलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. ती आतल्या आत वितळते.

"अर्थिंग" हा शब्द एक, वायरी दोन

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

वर्कशॉपमध्ये कुणीही म्हणतं, "अर्थिंग लाव रे." म्हणजे काय, तर मशीनमधून निघालेल्या दुसऱ्या जाड केबलचा चिमटा कामाच्या तुकड्याला लाव. वायरमन म्हणतो, "अर्थिंग बरोबर नाही." म्हणजे सॉकेटच्या वरच्या जाड पिनला जी हिरवी वायर येते, ती जमिनीत पुरलेल्या प्लेटपर्यंत नीट गेलेली नाही. शब्द एकच, पण कामं पूर्ण वेगळी.

हिरवी वायर मशीनच्या लोखंडी अंगासाठी आहे. आत कुठे वायर तुटून बॉडीला चिकटली, तर करंट त्या वायरने जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. ही वायर नसेल, तर तो करंट तुमच्या हातातून जाण्याची वाट बघत मशीनच्या अंगावर बसून राहतो.

चिमटा म्हणजे परतीची वाट. करंट होल्डरमधून निघतो, रॉड, आर्क, तुकडा, चिमटा, आणि परत मशीन. त्याचा जमिनीशी संबंध नाही. मी त्याला "रिटर्न" म्हणतो. तुम्हीही तशी सवय लावा, गोंधळ संपतो.

का एवढं ताणतोय? दोन कारणं आहेत.

पहिलं. रिटर्नचा चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या जितका जवळ तितका चांगला. काही जण आळसाने तो शेडच्या खांबाला लावून टाकतात आणि चार मीटर लांब काम करतात. मग करंट स्वतःची वाट शोधतो. ती वाट पाण्याच्या पाइपमधून असेल, ड्रिल मशीनच्या हिरव्या वायरमधून असेल. शंभर अँपिअर त्या बारीक वायरला पेलत नाहीत. ती आत जळते. बाहेरून काहीच दिसत नाही, पंखा फिरतो, दिवे लागतात, आणि त्या लाइनचं अर्थिंग गेलेलं असतं. बाइकवर काम करताना चिमटा चुकीच्या टोकाला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यात खड्डे पडतात. बाइकची बॅटरी आधी सोडवायची, ईसीयूचा कनेक्टर काढायचा, आणि चिमटा जोडाच्या अगदी शेजारी.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. "दादा, घरात आरसीसीबी आहे, मग शॉकची भीती कशाला?" आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती पकडतो आणि लाइन पाडतो, हे खरं. पण तो मशीनच्या आधीच्या बाजूचं बघतो. मशीनच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, आणि बाहेरची बाजू घराच्या लाइनपासून वेगळी झालेली असते. होल्डरमधून तुम्हाला शॉक बसला, तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो पडणार नाही.

रॉड टेकवलेला नसतो तेव्हा बहुतेक मशीनच्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसं जाणवत नाही. म्हणूनच लोक निर्धास्त होतात. पण घामाने भिजलेला शर्ट, ओला हातमोजा, ओली जमीन, आणि तुम्ही लोखंडी सांगाड्यात बसून काम करताय, अशा वेळी तेवढे व्होल्ट जीव घेऊ शकतात. कोकणात जून ते सप्टेंबर, आणि बाकी महाराष्ट्रात मे महिन्याच्या घामात, हे लक्षात ठेवा. कोरडे चामडी हातमोजे, दोन जोड हवेत म्हणजे एक वाळत घालता येतो. पायाखाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट. रॉड बदलतानाही हातमोजा काढायचा नाही. आणि दोन्ही हात मोकळे करायचे म्हणून होल्डर काखेत धरायची जी सवय दिसते, ती कधीच लावून घेऊ नका.

काही मशीनमध्ये व्हीआरडी नावाची सोय असते. काम थांबलं की होल्डरवरचं व्होल्टेज ती आपोआप खाली आणते. मशीन निवडताना रंगीत डिस्प्लेपेक्षा ही सोय शोधा.

तिसरं काम: डोळे

आर्कमधून प्रखर अतिनील किरण निघतात. ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, भाजतात. यात वाईट गोष्ट अशी, की त्या क्षणी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यात मूठभर वाळू गेल्यासारखं वाटतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण पुन्हा पुन्हा होऊ देण्याची ही गोष्ट नाही.

त्यावर बटाट्याचे काप ठेवतात, दुधाचे थेंब टाकतात. कापाने गार वाटतं, बस्स. दूध डोळ्यात घालू नका, संसर्गाची भीती असते. आणि मेडिकलमधून सुन्न करणारे थेंब आणून स्वतःच टाकत राहणं तर फार वाईट. त्याने वेदना जाते पण कॉर्निया भरून यायचा थांबतो. अंधाऱ्या खोलीत बसा, डोळे चोळू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

टाळायचं कसं? काचेला नंबर असतो. ६० ते १६० अँपिअरच्या रॉड वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच. उन्हाचा गॉगल चालत नाही. दोन गॉगल एकावर एक घालूनही चालत नाही. आणि "छोटाच टाका आहे" म्हणत डोळे मिटून, मान वळवून मारायची जी पद्धत आहे, तिच्यात डोळे मिटायच्या आधीच ठिणगी पडलेली असते. शिवाय चेहऱ्याची, मानेची कातडी भाजते ते वेगळंच.

नवशिक्यांना मी ऑटो-डार्कनिंग हेल्मेट घ्या असं सांगतो. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि आर्क पेटायच्या आधी रॉड कुठे टेकतोय ते दिसतं. चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. सेल संपला तर काच काळी होत नाही, तेव्हा काम सुरू करायच्या आधी सूर्याकडे किंवा लायटरकडे धरून ती बदलते का ते बघा. हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक चष्मा घाला, कारण स्लॅग झाडताना हेल्मेट वर जातं आणि गरम कपची नेमकी तेव्हाच उडते.

आता बघणाऱ्यांचं. वेल्डिंग सुरू झालं की पोरं गोळा होतात. किरण चकचकीत पत्र्यावरून उलटून बाजूच्या माणसापर्यंतही जातात. कामाच्या भोवती न जळणारा पडदा किंवा पत्र्याची आडभिंत करा. "बघू नका रे" असं ओरडून मुलं थांबत नाहीत. आणि घरात कुणा आजोबांना, आजींना पेसमेकर असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना शेडजवळ येऊ देऊ नका.

चौथं काम: कपडे आणि धूर

कपडे जाड सुती. जीन्स चालते, फाटकी नाही. टेरिकॉट, नायलॉन, क्रिकेटची जर्सी नको. ते नुसते जळत नाहीत, वितळून कातडीला चिकटतात. पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचली तर ठिणगी सरळ बुटात जाते. खिशात लायटर नको.

धुराबद्दल मात्र गंभीरपणे बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला. म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या यादीत. एका दिवसाने काही होत नाही, पण रोज तोंड धुरात घालणाऱ्यासाठी ही बातमी आहे.

उपाय फार महाग नाही. धूर वर जातो, आणि आपण वाकून नेमकं त्याच्या वाटेत डोकं घालतो. डोकं बाजूला ठेवा. पंखा किंवा एक्झॉस्ट असा लावा की धूर तोंडापर्यंत यायच्या आधी बाजूने ओढला जाईल. पाठीमागून वारा घेतला तर धूर तुमच्या छातीसमोर गोल फिरत राहतो. हेल्मेटच्या आत एन-९५ मास्क घाला. तो धुराचे कण अडवतो, वायू अडवत नाही. रुमाल काहीच अडवत नाही.

दोन गोष्टी अगदी टाळा. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. तो तापला की पांढरा धूर येतो, आणि काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की उतरतं असं सांगतात. त्याने काही होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. दुसरी गोष्ट, क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका. उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात जो विषारी वायू वापरला होता, तोच. पुसायचंच असेल तर साबणपाणी, आणि मग पूर्ण वाळवून घ्यायचं.

पाचवं काम: आग

ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे छोट्या शेडमध्ये सुरक्षित कोपरा असा नसतोच. थिनर, पेट्रोल, रंगाचे डबे, कडबा, गोणपाट, ई-स्कूटरची बॅटरी, सगळं बाहेर. हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक आणि बादलीभर वाळू. काम संपलं की लगेच कुलूप लावून जेवायला जाऊ नका. भुशात किंवा कापडात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते. अर्धा ते एक तास तिथेच थांबा, झाडलोट करा, अवजारं लावा.

आणि पेट्रोलची टाकी. "रिकामी आहे, धुऊन आणली आहे" असं मित्र सांगेल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. हाच नियम तेलाच्या पिंपाला, केमिकलच्या डब्याला, कुठल्याही बंद भांड्याला. मित्र नाराज झाला तरी चालेल. सरळ नाही म्हणा.

आता मशीन

हं, आता आलं. घरच्या कामाला रॉडचं इन्व्हर्टर मशीन, २०० अँपिअरच्या आसपासचं. जुनी ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतात, पण जड आणि घरच्या लाइनला भारी. मिग वेगवान आहे, पण गॅसचं सिलिंडर आलं आणि वाऱ्यात तो गॅस उडून जातो. टिग सुंदर आहे, पण हात बसल्यानंतर. ते वेगळ्या भागात.

मशीनच्या मागच्या पट्टीवर ड्यूटी सायकल बघा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. आंतरराष्ट्रीय मानकात हा आकडा ४० अंश तापमानाला मोजतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात शेडखाली त्याहून जास्त असतं, तेव्हा विश्रांतीही जास्त. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, तुमच्या तालुक्याच्या गावात त्याची दुरुस्ती होते का, हे आधी विचारा. आणि ते ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या वाटेत ठेवू नका. आतला पंखा लोखंडी भुकटी ओढून घेतो आणि सर्किटवर बसवतो.

रॉड मागताना नंबरांचा घोळ होतो. दुकानदार गेजमध्ये बोलतो. १२ नंबर म्हणजे अडीच मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीनच्या जवळचा, ८ नंबर म्हणजे चार मिमी. नंबर वाढला की रॉड बारीक. सुरुवातीला ६०१३ जातीचा १२ नंबर, ६० ते ९० अँपिअरवर. रॉड होल्डरमध्ये लावायचा की दुसऱ्या बाजूला, म्हणजे पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर रॉड फुटाफुट करतो आणि जोडात भोकं सोडतो.

बाकी साहित्यात गुण्या, चार सी-क्लॅम्प, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश आणि चार इंची ग्राइंडर. ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे फिरतो. त्याचं गार्ड काढून काम करू नका, आणि चकतीवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदतही छापलेली असते, ती बघा.

तुमचे प्रश्न

एका श्रोत्याने विचारलंय, "बजेट कमी आहे, काय कमी करू?" पैशांचे चार वाटे करा. एक विजेला, एक डोळे-हात-फुप्फुसांना, एक टेबल-क्लॅम्प-ग्राइंडरला, आणि एकच मशीनला. कमी करायचंच तर मशीन कमी ताकदीचं घ्या.

दुसरी, साताऱ्याजवळच्या गावातून लिहिते, "घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही. कुठे शिकू?" ताई, आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास असलं तरी प्रवेश मिळतो, आणि मुलींनाही. आर्कला कोण रॉड धरतंय ते कळत नाही. जोड सरळ आला की घरचे आपोआप गप्प बसतात.

तिसरा प्रश्न, "पहिलं काम काय करू? गॅलरीचं रेलिंग करू का?" नको. पहिले काही महिने ज्यावर कुणाचा जीव टांगला जातो असं काहीही नको. रेलिंग, झोपाळा, जिना, ट्रॉलीचा हुक, काहीच नाही. आधी पट्टीवर सरळ रेषा मारा, शंभर मारा. मग दोन तुकडे जोडा, पकडीत धरून हातोडीने तोडा आणि आत बघा. जोड बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकतो, हे तोडल्याशिवाय कळत नाही. मग कुंड्यांचा स्टँड.

स्क्रीनशॉटसाठी क्रम

१. जागा आणि लोखंडी टेबल.
२. वेगळी लाइन, तपासलेलं अर्थिंग, आरसीसीबी.
३. हेल्मेट, चष्मा, दोन जोड हातमोजे, बूट, मास्क.
४. पडदा, पंखा, अग्निशामक, वाळू.
५. ग्राइंडर, क्लॅम्प, गुण्या.
६. मशीन आणि १२ नंबरचा रॉड.

पहिले पाच टप्पे पूर्ण झाले की मशीनची लिंक मागा, मी आनंदाने मदत करेन. आणि तुमच्या ओळखीत कुणी मशीन आधीच आणून ठेवलं असेल, तर त्याला आजचा भाग पाठवा. विशेषतः दोन अर्थिंगवाला तुकडा.

पुढच्या भागात ग्राइंडर आणि त्याच्या चकत्या. तोपर्यंत हात कोरडे ठेवा, डोळे जपा. भेटू या!